येरळेचे वाळवंट आणि कोयनेचा सागर

आमच्या धर्मग्रामाच्या बाजारपेठेत सोन्याचांदीच्या गलाईचे एक लहानसे दुकान आहे. मोडीत काढलेले दागिने वितळवून त्यांतील शुद्ध सोने वेगळे करणे हा त्या दुकानदारांचा व्यवसाय. लग्नसराई जवळ आली की आमच्याच मायबहिणी आजीच्या मोडक्या बांगड्या आणि झिजलेली कर्णफुले घेऊन सराफाकडे जातात आणि सराफ ते सोने या दुकानात पाठवून देतो. मुशीखालचा विस्तव दिवसभर पेटलेला असतो. दुकानाचे मालक साठीच्या घरातले, बोलके आणि देवभोळे गृहस्थ आहेत. ते मूळचे सांगली जिल्ह्यातील विट्याजवळच्या एका खेड्यातले. गाव का सोडले, असे आम्ही त्यांना एकदा सहज विचारले. त्यांचे उत्तर अजून आमच्या कानांत आहे. ते म्हणाले, "फादर, आमच्या नदीत वाळू हाय, पाणी न्हाय. बहात्तरच्या दुष्काळात वडलांनी गाव सोडलं. गावात ऱ्हायलो असतो तर जगलो नसतो."

विटा, खानापूर आणि आटपाडी या परिसरातील गलाई व्यावसायिक आज देशातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या बाजारपेठेत आढळतात. त्यांच्या कष्टाळूपणाचे आणि सचोटीचे कौतुक सगळीकडे होते. परंतु हा व्यवसाय त्या मातीत सोन्याची खाण होती म्हणून वाढलेला नाही. त्या मातीत पाणी नव्हते, म्हणून माणसे बाहेर पडली. आणि हे ज्या भूभागात घडले, तेथून पश्चिमेला काही तासांच्या अंतरावर महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एक जलाशय पसरलेला आहे. कोयनेचा शिवसागर तो हाच.

धरणे वरदान आहेत की शाप, या विषयावर नव्वदीच्या दशकात पुण्याच्या सेमिनरीत शिकत असताना आम्ही वादविवादात भाग घेतला होता. नर्मदेच्या आंदोलनाची तेव्हा सर्वत्र चर्चा होती. आम्ही धरणांच्या विरोधी बाजूने आवेशाने बोललो आणि टाळ्याही मिळवल्या. भाषण संपवून जागेवर बसलो आणि पेलाभर पाणी प्यालो. ते पाणी पानशेत-खडकवासल्याच्या धरणांतून आलेले होते, हे त्या वेळी आमच्या ध्यानीमनीही आले नाही. पुढे गलाईवाल्या स्नेह्यांच्या आग्रहावरून विट्याला जाण्याचा योग आला, तेथील लोकांशी बोलणे झाले, काही वाचन झाले, आणि आमचा तो जुना आवेश पुष्कळसा ओसरला. त्या भूमीचा इतिहास आम्हांस जसा उमगला, तसा तो वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

डोंगराच्या सावलीतील प्रदेश

कऱ्हाड ते विटा हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटरचे. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. त्या प्रीतिसंगमावर बारमाही पाणी असते. तेथून पूर्वेकडे निघालो की उसाचे मळे हळूहळू विरळ होतात, जमीन चढत जाते, माळ उघडे पडू लागतात, आणि मग येरळा नदीचा पूल लागतो. आम्ही गेलो तेव्हा पुलाखाली पाण्याचा थेंब नव्हता. पात्रातून बकऱ्यांचा एक कळप निवांत चालला होता.

यात नदीचा काही दोष नाही. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि आपले ओझे तेथेच रिकामे करतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. विट्याच्या वाट्याला सरासरी पाच-सहाशे मिलिमीटरच येतो आणि तोही भरवशाचा नसतो. येरळा ही सह्याद्रीच्या माथ्यावरून न येता खटाव तालुक्यातील कोरड्या डोंगरांत उगम पावते, खानापूरच्या बाजूने दक्षिणेला वाहते आणि ब्रह्मनाळ येथे कृष्णेला मिळते. पावसाळ्यातील काही दिवस ती नदी असते. एरवी ते वाळूचे पात्र असते.

हा सारा मुलूख पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली संस्थानांच्या विलीनीकरणानंतर दक्षिण सातारा हा नवा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून विट्याच्या पाण्याचा इतिहास साताऱ्यापासूनच सुरू करावा लागतो.

दुष्काळाच्या हातांनी बांधलेले तलाव

इंग्रजी अमदानीत १८६० च्या दशकात कऱ्हाडजवळ खोडशी येथे कृष्णेवर बंधारा बांधण्यात आला आणि त्यातून कृष्णा कालवा काढण्यात आला. त्या कालव्याने नदीकाठच्या गावांना बागायतीची चव दाखवली. परंतु कालव्याचे पाणी उताराने वाहते, ते चढ चढत नाही. विट्याचे माळ उंचावर असल्याने त्या पाण्याला मुकले ते मुकलेच.

त्यानंतर १८७६ ते १८७८ हा भीषण दुष्काळ आला. त्या काळात दुष्काळी कामे म्हणून जी बांधकामे हाती घेण्यात आली, त्यांत येरळेच्या खोऱ्यातील नेरचा तलाव आणि माण नदीवरील राजेवाडीचा म्हणजेच म्हसवडचा तलाव यांचा समावेश होतो. हे तलाव आजही उभे आहेत आणि आजही त्यांचे पाणी शेतांना मिळते. लाभाच्या बाजूस ही नोंद निःसंकोच करावयास हवी.

परंतु त्याच काळातील दुसरी नोंदही विसरता येत नाही. सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेवरून दुष्काळी कामांवरील मजुरांचे धान्य दिवसाला एका पौंडावर आणले गेले. दिवसभर दगड आणि माती वाहणाऱ्या माणसाला ते पुरेसे नव्हते. मुंबई इलाख्यात अनेक ठिकाणी मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्या काळच्या बांधकामांवर किती अर्धपोटी हात राबले असतील, याचा शिलालेख कोठेही नाही.

याच सुमारास या प्रश्नाचा मुळापासून विचार करणारा एक पुरुष महाराष्ट्रात होता. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव कटगुण. ते येरळेच्याच खोऱ्यात, खटाव तालुक्यात आहे. 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ सालच्या ग्रंथात त्यांनी सरकारला सुचवले होते की फौज आणि पोलीस यांच्या रिकाम्या हातांकडून डोंगरउतारांवर जागोजाग ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत मुरेल आणि सुपीक माती वाहून जाणार नाही. धरणाचा विचार शेतकऱ्याच्या बांधापासून सुरू करणारी ही दृष्टी होती. ती पुढे शंभर वर्षे बाजूला पडली.

कोयनेचे दान आणि कोयनेचे देणे

स्वातंत्र्यानंतर देश मोठ्या धरणांच्या स्वप्नाने भारला गेला. पंडित नेहरूंनी भाक्रा-नानगलसारख्या प्रकल्पांना आधुनिक भारताच्या मंदिरांची उपमा दिली. महाराष्ट्रात हे स्वप्न कोयनेच्या रूपाने साकार झाले. १९५० च्या दशकात काम सुरू झाले, १९६२ साली वीजनिर्मितीस प्रारंभ झाला आणि त्यानंतर लवकरच धरण पूर्णत्वास गेले. १०३ मीटर उंचीच्या या भिंतीमागे प्रारंभी ९८.७८ टीएमसी पाणी साठत असे. पुढे दरवाजांची उंची वाढवून ही क्षमता १०५.२५ टीएमसी करण्यात आली. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. महाराष्ट्रातील असंख्य कारखाने आणि घरे या विजेने उजळली. विट्यातील यंत्रमागांची खडखडही विजेच्या त्याच राज्यव्यापी जाळ्यावर चालते. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात, त्यात अतिशयोक्ती नाही.

मग या भाग्याची किंमत कोणी दिली? कोयनेच्या खोऱ्यातील सुमारे शंभर गावांना या जलाशयाची झळ पोहोचली. हजारो कुटुंबांना घर, शेत, देवस्थान आणि पूर्वजांच्या समाध्या सोडून जावे लागले. सांगली, सोलापूर आणि कोकणातील जिल्ह्यांत ही माणसे विखुरली. ज्यांनी जन्मभर मुसळधार पावसात भात आणि नाचणी पिकवली, त्यांतील कित्येकांच्या वाट्याला पूर्वेकडील कोरडे माळ आले. त्या काळी महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो प्रथम १९७६ साली झाला आणि त्यानंतर १९८६ व १९९९ साली नवे कायदे आले. कोयना धरण तर त्यापूर्वीच उभे राहिले होते. त्यामुळे धरणग्रस्तांच्या नातवंडांनाही एकविसाव्या शतकात हक्काच्या जमिनीसाठी कोयनानगरात ठिय्या धरून बसावे लागले.

धरणासाठी उठवलेल्या माणसाचा टाहो महाराष्ट्राला नवा नव्हता. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी येथे टाटांच्या धरणाविरुद्ध मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला होता. सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि कारावास भोगला. सत्याग्रह मोडला आणि धरण झाले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, मावळ्यांना जमीन हवी होती, आणि निवाडा गिरण्यांच्या बाजूने लागला.

कोयनेने आणखी एक धडा दिला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साडेचारच्या थोडे आधी, कोयनानगरचा परिसर भूकंपाने हादरला. सुमारे पावणेदोनशे माणसे झोपेतच मृत्युमुखी पडली आणि हजारो घरे कोसळली. दख्खनचा हा कातळ भूकंपापासून सुरक्षित आहे, अशी तोपर्यंत समजूत होती. धरणाच्या भिंतीला भेगा पडल्या, परंतु भिंत टिकली आणि पुढे ती बळकट करण्यात आली. जलाशयातील पाण्याच्या भाराने आणि खडकांच्या भेगांत झिरपणाऱ्या पाण्याच्या दाबाने आधीच ताणाखाली असलेला खडक सरकू शकतो, या विषयाच्या जगभरच्या अभ्यासात कोयनेचे उदाहरण आज प्रमुख मानले जाते. याच संशोधनासाठी त्या परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले असून कऱ्हाड येथे केंद्र शासनाची प्रयोगशाळा काम करीत आहे. निसर्गाच्या पोटात काय आहे हे पुरते न जाणता आपण केवढी उलथापालथ करतो, याचा हा विनम्र करणारा दाखला होय. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटून पुण्यात जो हाहाकार उडाला, त्यास जेमतेम सहा वर्षे झाली होती.

एक पाणी, दोन उतार

आता विट्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट सांगतो. कोयनेच्या जलाशयातील पुष्कळसे पाणी पूर्वेकडे येतच नाही. सह्याद्रीच्या पोटातून काढलेल्या बोगद्यांतून ते पश्चिमेकडे सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडले जाते. तेथे वीज निर्माण होते आणि ते पाणी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास मिळते. बच्छावत लवादाने या पश्चिमेकडील वापरासाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली आहे.

दुसरीकडे विटा, खानापूर, आटपाडीच्या माळांसाठी १९९० च्या दशकात टेंभू उपसा सिंचन योजना मंजूर झाली. कऱ्हाडच्या खाली टेंभू येथे कृष्णेचे पाणी अडवायचे आणि विजेच्या प्रचंड पंपांनी टप्प्याटप्प्याने ते डोंगरमाथ्यावर चढवायचे. मूळ योजनेत यासाठी २२ टीएमसी पाणी आणि सुमारे ऐंशी हजार हेक्टर क्षेत्र धरले होते. वाचकांनी क्षणभर थांबून हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. एकाच जलाशयाचे पाणी एका बाजूस खाली पाडून वीज निर्माण करायची आणि दुसऱ्या बाजूस वीज खर्चून तेच पाणी वर चढवायचे. खाली पाडण्याच्या पाण्याची मर्यादा वर चढवण्याच्या पाण्याच्या तिप्पट. यात कोणाचा कट आहे असे आमचे म्हणणे नाही. १९५० च्या दशकात देशाला विजेची निकड होती आणि ती त्या वेळच्या जाणत्यांनी ओळखली. परंतु त्या निर्णयाच्या वेळी विट्याचा शेतकरी कोणाच्या डोळ्यांपुढे होता, असे दिसत नाही.

टेंभूचे पाणी सहजासहजी मिळाले नाही. वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडी येथे दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. तेरा तालुक्यांतील शेतकरी त्यांत एकत्र येत. ज्यांनी प्रतिसरकारच्या काळात इंग्रजांशी झुंज दिली, त्यांनी उतारवयात पाण्याची लढाई हाती घेतली. परिषदांमागून परिषदा झाल्या आणि अखेर, योजना मंजूर होऊन वर्षे लोटल्यावर, पाणी माळांवर पोहोचू लागले.

बळीराजाचे धरण

मात्र त्याच्याही आधी, सरकारच्या पाण्याची वाट न पाहता, येरळेच्या काठच्या दोन गावांनी जे करून दाखवले, ते आमच्या मते या सर्व इतिहासातील सर्वांत बोधप्रद पान आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो लांबत गेला तसे अनेक कामगार आपापल्या गावी परतले. खानापूर तालुक्यातही असे कामगार आले आणि त्यांना गावात दुष्काळ दिसला. याच जिल्ह्यातील विसापूरचे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून राज्याला रोजगार हमी योजना लाभली होती, आणि तिच्या कामांवर माणसे खडी फोडीत होती. परंतु खडी फोडून पोट भरले तरी दुष्काळ हटत नाही, हा प्रश्न या तरुणांना सतावू लागला. कासेगावचे डॉ. भारत पाटणकर आणि त्यांचे सहकारी यांच्या मुक्ती संघर्ष चळवळीत ही मंडळी एकत्र आली. नदी का आटली, विहिरी का खोल गेल्या, याचा त्यांनी गावोगाव जाऊन अभ्यास केला.

त्यांच्या ध्यानात आले की येरळेच्या वाळूवर ठेकेदारांचे राज्य आहे. वाळू ही नदीची पाण्याची कोठी असते. पावसाचे पाणी वाळूच्या थरात साठते आणि उन्हाळ्यात हळूहळू विहिरींना मिळते. वाळूचे ट्रक शहराकडे जात होते आणि त्यांच्याबरोबर गावाचे पाणीही जात होते. तेव्हा बलवडी आणि तांदूळवाडी या गावांनी असा पवित्रा घेतला की नदी आमची आहे, वाळूवर पहिला हक्क आमचा आहे, थोडी वाळू आम्हीच विकू आणि त्या पैशातून नदीवर धरण बांधू. अभियंते के. आर. दाते यांनी तांत्रिक मार्गदर्शन केले. परवानगीसाठी सरकारदरबारी झगडावे लागले. लोकांनी श्रमदान केले, बाहेरगावचे विद्यार्थीही मदतीला आले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे लहानसे धरण उभे राहिले आणि लोकांनी त्यास बळीराजाचे नाव दिले.

या धरणाची भिंत कोयनेपुढे ठेंगणी आहे. परंतु त्याच्या पाणीवाटपाचा नियम उंच आहे. पाणी जमिनीच्या मापाने वाटायचे नाही, ते कुटुंबागणिक समान वाटायचे, असे ठरले. ज्याच्याकडे वीतभर जमीन नाही, त्या भूमिहीनालाही पाण्याचा वाटा देण्यात आला. अधाशीपणे पाणी पिणाऱ्या उसाला दूर ठेवावे, असाही विचार त्यामागे होता. ज्यांनी घाम गाळला तेच लाभाचे धनी झाले. प्रा. गेल ऑम्वेट यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा प्रयोग दूरवर पोहोचवला.

या प्रयोगालाही मर्यादा आहेत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नदीला पाणीच आले नाही तर लहान धरणही रिकामेच राहते. वरच्या अंगाला खटाव तालुक्यात येरळवाडीचे मध्यम धरण आहे. तेथे पाणी अडले की खालच्या पात्राला तेवढे कमी पडते. शिवाय बळीराजाच्या धरणावर यंत्रमाग चालत नाहीत की शहराची तहान भागत नाही. तेव्हा मोठी धरणे पाडावीत आणि सर्वत्र बंधारे घालावेत, असा सोपा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की बळीराजाच्या धरणात देणारा आणि घेणारा एकच होता. मुळशीत आणि कोयनेत ते दोघे वेगळे होते. धरणाचा गुण किंवा दोष त्याच्या भिंतीच्या उंचीपेक्षा या एका गोष्टीवर अधिक ठरतो.

लाभातही लपलेले दुखणे

ज्यांना पाणी मिळाले, ते तरी निश्चिंत झाले काय? वाळवा, मिरज, शिरोळ या तालुक्यांत कृष्णाकाठी उसाला वारेमाप पाणी दिले गेले आणि पुष्कळ जमीन क्षारपड होऊन बसली. पांढरे मीठ फुटलेल्या त्या रानात आता गवतही धड उगवत नाही. पाण्याअभावी विट्याचा माळ ओसाड होता, पाण्याच्या अतिरेकाने नदीकाठची काळी माती ओसाड झाली.

ऑगस्ट २०१९ मध्ये याहून विदारक दृश्य दिसले. सह्याद्रीत अतिवृष्टी झाली, धरणे भरली, विसर्ग वाढला आणि सांगलीत कृष्णेने आयर्विन पुलाजवळ साडेसत्तावन्न फुटांची पातळी गाठली. ब्रह्मनाळला, जेथे येरळा कृष्णेला मिळते, तेथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून माणसे बुडाली. आणि त्याच आठवड्यांत त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात, आटपाडी आणि जत तालुक्यांत, पाण्याचे टँकर फिरत होते. धरण पूर अडवते हे खरे. परंतु पावसाळ्याच्या मध्यावर ते भरलेले असेल तर त्याच्याजवळ पूर अडवायला जागाच उरत नाही. वीज आणि सिंचन यांसाठी धरण भरलेले हवे, पुरासाठी ते रिकामे हवे. या दोन गरजांचा मेळ घालणे हे अभियंत्यांइतकेच राज्यकर्त्यांच्या विवेकाचे काम आहे.

जगभरच्या अनुभवाचे सारही असेच आहे. जागतिक धरण आयोगाने नोव्हेंबर २००० मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. धरणांनी मानवी विकासास मोठा हातभार लावला, हे त्याने मान्य केले. परंतु त्यासाठी विस्थापितांना, नदीच्या खालच्या अंगाच्या लोकांना आणि निसर्गाला मोजावी लागलेली किंमत पुष्कळदा अवाजवी आणि अनावश्यक होती, असेही नमूद केले. जगात चार ते आठ कोटी माणसे धरणांमुळे विस्थापित झाली असावीत, असा त्या आयोगाचा अंदाज होता.

आपल्या नळाचे पाणी

वाचक म्हणतील, विटा कोठे आणि आपण कोठे! येथेच आम्हांस थोडे थांबून बोलायचे आहे. मुंबई, ठाणे, वसई येथील आपल्या घरी सकाळी नळ सोडला की पाणी येते. मुंबईला पाणी देणारे भातसा आणि तानसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आदिवासी भगिनी डोक्यावर हंडे घेऊन उभ्या असतात. वसई-विरारला पाणी येते ते पालघर जिल्ह्यातील सूर्या प्रकल्पातून. डहाणू-पालघरच्या आदिवासी शेतीसाठी म्हणून जो प्रकल्प आखला होता, त्याचे पाणी शहरांकडे वळले. कोयनेच्या धरणग्रस्ताला आपण कधी पाहिले नाही. पण सूर्येच्या आणि भातशाच्या काठचा माणूस तर आपला शेजारी आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाच्या विहिरींची कथा आहे. त्याच्या चाकरांनी झऱ्याची विहीर खणली आणि गराराच्या गुराख्यांनी पाणी आमचे आहे म्हणून भांडण मांडले. दुसरी खणली, तेथेही भांडण झाले. इसहाक पुढे गेला आणि त्याने तिसरी खणली. तिच्यावरून भांडण झाले नाही, म्हणून त्याने तिचे नाव रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा, असे ठेवले. देवाने आता आम्हां सर्वांना जागा दिली, असा त्या नावामागचा भाव आहे. सृष्टीतील वस्तू सर्वांसाठी आहेत, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्याच्या शुद्ध पाण्याला मूलभूत मानवी हक्क म्हटले, ते याच परंपरेला धरून होते. ज्या पाण्याने आपला बाप्तिस्मा होतो, त्या पाण्याचा वाटा शेजाऱ्याला मिळतो की नाही, हे विचारणे आपल्या श्रद्धेबाहेरचे खासच नाही.

म्हणून धरणाची गोष्ट निघाली की आम्ही आता वरदान की शाप असे विचारीत नाही. आम्ही दोन साधे प्रश्न विचारतो. पाणी कोणाला मिळाले? आणि त्यासाठी कोणी काय सोडले? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच वहीत, समोरासमोर लिहिली गेली, तर निदान हिशेब तरी खरा होईल. आपल्या धर्मग्रामांतील तरुण मंडळांनी एखाद्या सुट्टीत आपल्या नळाच्या पाण्याचा उगम शोधत जावे, त्या काठच्या लोकांबरोबर एक दिवस काढावा आणि त्यांच्या पाण्याच्या मागणीत आपला आवाज मिसळावा. आम्हांस वाटते, ती एक उत्तम तीर्थयात्रा ठरेल.

गलाईवाले स्नेही अलीकडेच भेटले. टेंभूचे पाणी त्यांच्या गावच्या शिवारात आले आहे. भावकीतल्या कोणी द्राक्षे लावली, कोणी डाळिंब. आम्ही आनंदाने त्यांचे अभिनंदन केले आणि विचारले, "मग आता गावी परत जाणार ना?" त्यांनी मुशीतील सोन्याकडे पाहिले. शेजारी त्यांचा मुलगा गिऱ्हाइकाशी आमच्याकडच्याच बोलीत बोलत होता. ते म्हणाले, "पाणी आलं, फादर. लई आनंद झाला. पर पन्नास वर्सं झाली. पोरं आता हितलीच झाली."

पाणी उशिरा पोहोचले तर शेत पुन्हा हिरवे होते. गेलेली माणसे मात्र परत येतातच असे नाही. धरणांच्या जमाखर्चात या रकमेसाठीही एक ओळ राखून ठेवायला हवी.